दुपारी तपासलेलं फॅट मशीन

गावाकडं नवीन यंत्र आलं की त्याला आधी हळदीकुंकू लावतात, मग नारळ फोडतात, आणि त्याबरोबर आलेलं पुस्तक चुलीत घालतात. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, पासलीच्या अलीकडच्या एका गावात असा एक राखाडी डबा मी पाहिला. दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर, फॅट मशीनच्या बरोब्बर डोक्यावर ठोकलेला. त्याच्यावर झेंडूची माळ आणि खाली खडूनं लिहिलेलं, 'हात लावू नये'. लावणाऱ्यानंच हात लावला नसता तर एका बाईचा जीव टांगणीला लागला नसता.

तो डबा म्हणजे मोटरीचा ड्राइव्ह. भिंतीच्या पलीकडं भातगिरणी आहे. तिची मोटर थ्री फेजची, आणि थ्री फेज वीज येते पाळीनं. आली की गिरणी सुरू, गेली की बंद. हा डबा घरच्या साध्या सिंगल फेजवरसुद्धा ती मोटर फिरवतो, म्हणून सगळं गाव त्याच्या प्रेमात. माझीही त्याच्याशी दुष्मनी नाही, वस्तू चांगली आहे. पण तो वीज सरळ पुढं देत नाही. सेकंदाला हजारो वेळा तिचे बारीक तुकडे करतो आणि मोटरीला भरवतो. भरवताना जे सांडतं ते वायरीतून, जमिनीतून, हवेतून शेजाऱ्याच्या घरात शिरतं. शेजारी पिठाची चक्की असेल तर तिला काय फरक पडतोय! पण शेजारी इवल्याशा विजेवर मोजमाप करणारं नाजूक यंत्र असेल, तर ते बरळायला लागतं. कंपनीत आम्ही याला नॉईज म्हणायचो. कानाला मात्र काही ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते नसतंच, असं आमच्याकडच्या शहाण्यांचं ठाम मत आहे.

मी भोंगवलीची. आयटीआय करून शिरवळकडच्या एका कंपनीत बरीच वर्षं मोजमापाची यंत्रं सांभाळली. आता भोरला माझा छोटा गाळा आहे. वजनकाटे आणि दुधाची मशीनं दुरुस्त करते, स्कूटीवर पेटी बांधून भोर-वेल्हे दोन्ही तालुके फिरते. टेस्टर हातात धरलेली बाई दिसली की आजूबाजूच्या दहा पुरुषांना एकदम वीज कळायला लागते, हा माझा रोजचा अनुभव. ज्याला घरातला होल्डर बदलता येत नाही तोसुद्धा मागं उभा राहून म्हणतो, "फेज बघा की, मॅडम, फेज." बघते हो. फेज बघते, न्यूट्रल बघते, तुमचं तोंडही बघते.

तर पहिल्यांदा त्या केंद्रावर मी गेले ती चेअरमनच्या बोलावण्यावरून. केंद्राचे चेअरमन तेच आणि गिरणीचे मालकही तेच, त्यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्यांचंच राज्य. त्यांना फॅट मशीन तपासून हवं होतं. दुधात फॅट किती आणि पाणी घातलंय का, हे ते मशीन मिनिटभरात सांगतं. "वरच्या धनगरवाड्यातली एक बाई हाय," ते म्हणाले. "तिच्या दुधात पानी निघालं. ती म्हनती मशीन खोटं हाय. तुमी एकदा बघून लिहून द्या, म्हंजी तिचं तोंड बंद व्हईल."

मी बघितलं. दुपारी बाराला. केंद्र रिकामं, गिरणी बंद, बाहेर कुत्रं झोपलेलं. माझ्याकडचं नमुन्याचं दूध पाच वेळा घातलं, पाचही वेळा आकडा सारखा आला. नळ्या धुतल्या, वायरी हलवून पाहिल्या. डोक्यावरचा तो डबाही पाहिला. 'गिरणीत कोंडा लई उडतो, म्हनून भिंतीच्या अलीकडं लावलाय,' असं मला सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली. माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं, 'मशीन तपासले, बरोबर आहे,' आणि खाली झोकदार सही ठोकली. चेअरमननी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर चिकटवला. मला उगाच अभिमान वाटला. इतकी वर्षं कंपनीत घालवून मी दुपारी बारा वाजता, सगळं बंद असताना यंत्र तपासलं! कंपनीत नव्या पोरीनं असं केलं असतं तर मी तिला उभी सोलली असती.

तीनेक आठवड्यांनी पुन्हा चेअरमनचा फोन. या वेळी वजनकाट्यासाठी. "काटा नाचतोय, मॅडम. रिकामा ठिवला तरी आकडं पळत्यात. तुमी सांच्याला या, सांच्यालाच नाचतो त्यो."

सांच्यालाच नाचतो! एवढ्या शब्दावर माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. डोंबलाची वाजते. मी आपली नसरापूरवरून वळून, घाट चढून, शिव्या देत निघाले, कारण संध्याकाळची फेरी मला आवडत नाही.

पोचले तेव्हा दूध घालायची वेळ संपत आली होती. शेवटचे चार-पाच कॅन उरले होते. सकाळी बंद असणारी गिरणी रोजच्यासारखी या वेळी सुरू झाली होती, भिंत थरथरत होती, कोंड्याचा वास येत होता. आणि रांगेच्या टोकाला ती बाई उभी होती. पन्नाशीची असेल. नऊवारी खोचलेली, पायांना ओढ्याचा चिखल. वरच्या वाडीवरून तासभर चालत यायचं म्हणून ती रोज शेवटी.

माझ्या शेजारी एक बाई रिकामी किटली घेऊन उभी होती. मी न विचारताच तिनं सगळं कानात सांगितलं. सकाळी हिचं दूध चांगलं असतं, संध्याकाळी पाणी. लोकांनी कारणही शोधलं होतं. सकाळी ही घाईत येते, संध्याकाळी मात्र ओढ्यावर विसावा घेते. ओढा, कॅन आणि एकटी बाई, झालं, एवढ्यात अख्ख्या गावाचा तपास पुरा! चुलीजवळच्या बायांपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे फौजदार.

या केंद्राचा एक नियम आहे. दुधात पाणी निघालं की ते सगळ्यांसमोर मोरीत ओतायचं. तिसऱ्यांदा निघालं की कॅन कायमचा बंद.

"दुसऱ्यांदा निघालं तवा चेअरमननी तिला भंडारा उचलायला लावला," शेजारीण म्हणाली.

धनगरवाड्यात देवाची हळद मुठीत घेऊन जे बोललं जातं ते शेवटचं. त्यावर कोर्ट नाही, पंचायत नाही. खोटी शपथ घेतली तर घरादारावर येते, असा त्यांचा पक्का समज. आणि ही गोष्ट चेअरमनला नीट ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी ती करवली. त्या बाईनं चार लोकांत भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "माझ्या दुधात थेंब पानी असंल तर माझा गोठा ओस पडू दे." त्यानंतर चार दिवसांनी तिचं एक वासरू मेलं. वाडीतल्या लोकांनी तिच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. सख्खी जाऊ बोलेना. आता तिच्याजवळ एकच वाट उरली होती, मशीननं पुन्हा पाणी दाखवायचं नाही.

तिचा नंबर आला. केंद्रावरच्या लिहिणाऱ्यानं कपात दूध घेतलं, मशीनची नळी बुडवली. पलीकडं गिरणी घरघरत होती. मिनिटभर सगळे त्या लाल आकड्यांकडं बघत राहिले. ती मात्र कॅनकडं बघत होती.

"पानी," तो म्हणाला.

चेअरमननी नुसती हातानं खूण केली. लिहिणाऱ्यानं कॅन उचलला आणि मोरीत पालथा केला. दाट, पिवळसर झाक असलेलं म्हशीचं दूध. डोळे असणाऱ्या कुणालाही दिसलं असतं की पाणी घातलेलं दूध असं मोरीच्या कडेला चिकटून राहत नाही. पण डोळ्यांना विचारतो कोण! तिनं रिकामा कॅन डोक्यावर ठेवला आणि चालू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "भंडाऱ्याची बी भीती न्हाई हिला."

आणि मी काय केलं? मी काटा दुरुस्त करायला बसले. मी तेवढ्यासाठीच आले होते ना!

काटा खरंच नाचत होता. रिकाम्या ताटलीवर आकडे इकडून तिकडं पळत होते. वायरी बघितल्या, ठीक. मग मी पेटीतून माझा जुना खिशातला रेडिओ काढला. नॉईज हुडकायला त्याच्याइतकं स्वस्त हत्यार नाही. जिथं कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी रेडिओचा काटा ठेवायचा आणि फिरवत राहायचं. "आता मॅडम गाणी ऐकनार," एक जण दात काढत म्हणाला. रेडिओ त्या डब्याखाली नेला तर असा खर्र करून ओरडला की तो दात काढणारा मागं सरकला. फॅट मशीनपाशी नेला, तिथंही तेच. तेवढ्यात गिरणीतलं पोतं संपलं आणि मोटर थांबली. रेडिओ गप्प. काट्यावर सरळ शून्य.

मी रेडिओ खाली ठेवला. समोर भिंतीवर प्लास्टिकमध्ये माझी सही होती.

मी चेअरमनना म्हणाले, "तुमच्या घरच्या म्हशीचं दूध मागवा."

"कशाला?"

"मागवा तर."

त्यांच्या सूनबाई तांब्याभर दूध घेऊन आल्या. गिरणी बंद होती तेव्हा मशीनमध्ये घातलं, उत्तम दूध. चेअरमनची मान ताठ झाली. मग मी गिरणीवाल्याला, म्हणजे तिथं कामाला असलेल्या गड्याला, मोटर सुरू करायला सांगितलं आणि त्याच तांब्यातलं दूध पुन्हा घातलं. मशीननं पाणी दाखवलं. पुन्हा घातलं, पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा घातलं तर असं फॅट दाखवलं की तेवढं दुधात नसतं, लोण्यात असतं.

थांबलेल्या लोकांत कुजबुज सुरू झाली. चेअरमन लालबुंद होऊन म्हणाले, "हे मशीनच बिघडलंय!"

"हो का? आत्ता बिघडलं? अर्ध्या तासापूर्वी चांगलं होतं?" मी विचारलं. तिचं दूध पाणी ठरलं तेव्हा बाई खोटी, आणि यांचं पाणी ठरलं तर मशीन खोटं. शाबास! आणि ऐका, महिन्याभरात याच मशीननं यांच्या चुलतभावाच्या म्हशीला असंच अचाट फॅट दाखवलं होतं, कारण तोही शेजारचाच, आरामात उशिरा येणारा. तेव्हा कुणाला मशीनचा संशय आला नाही. नारळ देऊन सत्कार केला होता त्याचा. म्हशीचा फोटो ग्रुपवर फिरला होता.

ड्राइव्ह लावणाऱ्या पुण्याच्या साहेबांना मी तिथूनच फोन लावला. "मॅडम, आमच्या ड्राइव्हचं काही नसतं," ते म्हणाले. "तुमचं अर्थिंग चेक करा." असा राग आला! फोन ठेवून अर्थिंग बघितलं आणि त्याहून जास्त राग आला, कारण तेवढं एक त्या माणसाचं बरोबर होतं. ड्राइव्हची अर्थिंगची वायर भिंतीमागं कापलेली, टोकाला दुधाची पिशवी गुंडाळलेली.

"ही कुणी कापली?"

गिरणीवाला डोकं खाजवत म्हणाला, "म्याच. साहेबानं ती हौदाच्या पाइपाला बांधली व्हती. म्हशी पानी पिताना नाकाला झिनझिन्या यायच्या त्यांच्या. पानीच पिईनात."

जनावरांच्या हौदाचा पाइप! सबंध गावात अर्थिंग म्हणून यांना तेवढंच सापडलं. म्हशींना मात्र मानलं पाहिजे, गावात नॉईज सगळ्यांत आधी कळला तो त्यांनाच.

"मग आता अर्थिंग कशाचं?"

"हाय की. डेअरीच्या बोर्डावरनं घेतलंय."

म्हणजे ड्राइव्ह जे काही सांडत होता ते सगळं सरळ फॅट मशीनच्या मुळातून वाहत होतं. म्हशींना झिणझिण्या आल्या तर वायर कापली. बाईच्या दुधात पाणी निघालं तर कॅन पालथा केला. तिच्यापेक्षा म्हशींचं ऐकलं गेलं, याची कुणाला लाज वाटल्याचं मला दिसलं नाही.

पुढचे दोन दिवस मी तिथं राबले. डबा उचलून गिरणीच्या बाजूला नेला, कोंडा जाऊ नये म्हणून पत्र्याच्या पेटीत बसवला, पेटीचा रंग खरवडून धातूला धातू भिडवला. मोटरीपर्यंत साधी लांबलचक वायर लोंबत होती, ती फेकून जाळीच्या वेष्टणाची आखूड केबल टाकली आणि जाळी दोन्ही टोकांना घट्ट बांधली. विजेच्या तोंडावर फिल्टर लावला. कोळसा-मीठ घालून ड्राइव्हसाठी अर्थिंगचा वेगळा खड्डा केला आणि गिरणीवाल्याला बजावलं, रोज एक कळशी पाणी घाल, विसरलास तर बघ. डेअरीच्या वायरी मोटरीच्या वायरींशी एकत्र जुडी करून बांधलेल्या होत्या, दिसायला नीटनेटक्या, त्या सोडवून पलीकडच्या भिंतीवरून नेल्या. यात कसलीही हुशारी नव्हती. हे सगळं त्या पुस्तकात लिहिलेलं असतं, जे चुलीत गेलं. तिसऱ्या दिवशी गिरणी पूर्ण जोरात चालवली, मशीनपाशी रेडिओ धरला. कुरकुर उरली होती, खर्र गेलं होतं. चेअरमनच्या म्हशीचं दूध दहा वेळा घातलं. दहाही वेळा एकच आकडा.

भिंतीवरचा माझा कागद मी फाडला. चेअरमन म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, आता तर बरोबरच हाय." काय बोलावं अशा माणसाला!

"तिला काय सांगणार?" मी विचारलं.

"निरोप धाडतो. दूध घालाय ये म्हनावं."

"आणि चूक झाली म्हणून?"

"टेक्निकल मॅटर हाय ते, मॅडम. चार लोकांत कशाला? गावाला काय कळनार त्यातलं?" भंडारा चार लोकांत उचलायला लावताना गावाला सगळं कळत होतं. माफीच्या वेळी मॅटर टेक्निकल झालं.

मग मीच वर गेले. पेटी केंद्रावर ठेवली, ओढा ओलांडला, चढ चढले. धापा टाकत पोचले तेव्हा ती गोठ्यात शेण ओढत होती. तिच्या दारातला दुधाचा कॅन पालथा घालून त्यावर गोवऱ्या रचलेल्या होत्या. मला ओळखलं तिनं.

"मावशी, तुमचं दूध चांगलं होतं," मी उभ्या उभ्याच म्हणाले. "गिरणीच्या डब्यामुळं मशीन चुकत होतं. आता दुरुस्त केलंय."

शेजारच्या दोन घरांतल्या बायका बाहेर आल्या, तिची जाऊही आली. मी त्यांनाही सगळं सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. चेअरमनचं दूधसुद्धा पाणी निघालं, हे ऐकून त्या खुदखुदल्या. मला वाटलं, झालं, पटलं यांना. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "समदं खरं, बाई. पर मग वासरू कशानं मेलं?"

मी म्हणाले, वासरं मरतात. ती हो म्हणाली आणि आत निघून गेली.

मावशीनं हात धुतले, मला ओट्यावर बसवलं. "च्या ठिवते," ती म्हणाली. "दूध घालू का? का मशीन आनलंया संगं?"

मी हसायला गेले, पण ती हसत नव्हती. चुलीपुढं बसून ती जाळ सारत राहिली. मी म्हणाले, उद्यापासून खाली येत जा, आता कुणी काही बोलणार नाही. तिनं चहा गाळला. मग माझ्याकडं वळून, आवाज न चढवता तिनं विचारलं.

"म्या दूध चांगलं हाय म्हनलं, तर मला भंडारा उचलाय लावला. तू मशीन चांगलं हाय म्हनून कागुद लिवलास. तवा तुला काय उचलाय लावलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "मला कुणी विचारलंसुद्धा नाही."